लवजी नसरवानजी वाडिया : सागवानाची पारख आणि मुंबईची गोदी

मुंबई बंदराच्या इतिहासात ज्या थोड्या माणसांनी शहराचे भवितव्य बदलले, त्यांत सुरतेहून आलेल्या एका पारशी सुताराचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. लवजी नसरवानजी वाडिया हे ते नाव. १७३६ साली ते मुंबईत आले आणि १७७४ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. त्यांनी पाया घातलेल्या गोदीत त्यांच्या घराण्याने पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे सुमारे दीडशे वर्षे, जहाजे बांधली.

लवजींचे चरित्र सांगताना बहुधा त्यांच्या हातातील कसबाचे कौतुक केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या यशामागे आणखी एक गोष्ट होती. ती म्हणजे लाकूड. अठराव्या शतकात समुद्रावर सत्ता गाजवू पाहणाऱ्या कोणालाही तोफा, दारूगोळा आणि पैसा यांच्याइतकेच उत्तम लाकूड आवश्यक होते. तोफा ओतता येत होत्या, पैसा कर्जाने मिळत होता; मात्र साठ-सत्तर वर्षांचे झाड एका हंगामात उगवता येत नव्हते. या दुर्मीळ मालाची पारख असलेला आणि तो कोठून, कसा आणावा हे जाणणारा माणूस म्हणून लवजींचे मोल मोठे होते.

सुरतेतील घडण

लवजींचा जन्म अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी सुरत परिसरात झाला. त्या काळी सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. मक्केला जाणारे यात्रेकरू येथूनच गलबतांत बसत आणि अरबस्तान व इराणकडे जाणारा कापूस, कापड व नीळ यांचा मालही येथूनच रवाना होई. तापी नदीच्या काठावर जहाजे बांधणाऱ्यांची वस्ती होती आणि त्या कारागिरांमध्ये पारशी समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. वाडिया हे आडनावही याच व्यवसायावरून आले असून त्याचा अर्थ जहाज बांधणारा असा आहे.

सुरतेच्या जहाजांची ख्याती त्यांच्या लाकडावर आणि जोडकामावर होती. पूर्वेकडील डोंगराळ जंगलांतून सागवानाचे ओंडके नदीमार्गे किनाऱ्यावर येत. फळ्या केवळ एकीशेजारी एक ठेवून खिळ्यांनी ठोकण्याची पद्धत येथे नव्हती. प्रत्येक फळीच्या कडेला खाच पाडून ती शेजारच्या फळीत घट्ट बसवली जाई. सांध्यात कापूस व राळ भरली जाई. त्यामुळे फटींतून पाणी शिरण्याचा धोका कमी होई आणि जहाजाचा सांगाडा एकसंध राही. हे काम अत्यंत बारकाईचे आणि वेळखाऊ होते. लवजी या परंपरेत लहानपणापासून वाढले आणि धनजीभाई नावाच्या जहाजबांधकाम करणाऱ्या पारशी गृहस्थांकडे मुकादमाच्या जागेपर्यंत पोहोचले.

कंपनीची निकड

त्या सुमारास मुंबईतील ईस्ट इंडिया कंपनीपुढे बिकट प्रश्न उभा होता. कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांच्या आरमाराचा दरारा होता. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये निवर्तले होते, तरी त्यांच्या मुलांनी आरमाराची धार कमी होऊ दिली नव्हती. १७३५ च्या अखेरीस संभाजी आंग्र्यांनी कंपनीचे 'डर्बी' हे मोठे जहाज पकडले. त्यावर खजिना तर होताच, शिवाय इंग्लंडहून आलेली जहाजसामग्रीही होती. मुंबईच्या ताफ्यासाठी येणारे साहित्य शत्रूच्या हाती गेले. आपली जहाजे आपल्या बंदरात बांधता आणि दुरुस्त करता आली पाहिजेत, हे कंपनीला या घटनेने पुन्हा एकदा पटवून दिले.

याच काळात कंपनीने सुरतेत एक जहाज बांधण्यास दिले होते. त्या कामावर देखरेखीसाठी मुंबईहून डडली नावाचा अधिकारी पाठवण्यात आला. तेथे त्याची नजर लवजींच्या कामावर पडली. हा मुकादम मुंबईस यावा, असा प्रयत्न त्याने सुरू केला. लवजींनी मात्र हातातील काम आणि मालकाशी असलेला करार अर्धवट सोडून येण्यास नकार दिला, असे त्यांच्या घराण्याच्या जुन्या वृत्तांतात सांगितलेले आहे. अखेर १७३६ मध्ये काही निवडक सुतारांना बरोबर घेऊन ते मुंबईत दाखल झाले.

गोदीसाठी जागा निश्चित झाल्यावर लवजींवर जी पहिली मोठी जबाबदारी सोपवली गेली, ती जहाज बांधण्याची नव्हती. त्यांना उत्तरेकडे लाकूड मिळवण्यासाठी पाठवण्यात आले. ते काम पार पाडून परतताना त्यांनी आपले कुटुंबही सुरतेहून मुंबईत आणले. नव्या गोदीच्या आरंभीच तिच्या कुशल कारागिराला जंगलाच्या वाटेने पाठवावे लागावे, यातच त्या व्यवसायाचे मर्म दडलेले आहे.

लाकूड नसलेले देश

लाकडाची ही चणचण मुंबईपुरती किंवा अठराव्या शतकापुरती नव्हती. इतिहासातील अत्यंत श्रीमंत राज्येही या बाबतीत परावलंबी राहिली आहेत. प्राचीन इजिप्त हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. नाईलच्या खोऱ्यात धान्य मुबलक होते, सोने होते, दगड तर अमाप होता. परंतु उंच आणि सरळ वाढणारी झाडे नव्हती. तेथील बाभळीचे आणि उंबराच्या जातीच्या वृक्षाचे लाकूड आखूड व वाकडेतिकडे असे. त्यामुळे मोठी जहाजे, देवळांची दारे आणि राजांच्या शवपेट्या यांसाठी लेबनॉनच्या डोंगरातील देवदार समुद्रमार्गे आणावा लागे.

इसवी सनापूर्वी सुमारे २६०० वर्षांच्या काळात स्नेफेरू या राजाने देवदाराने भरलेली ४० जहाजे आणवल्याची नोंद एका प्राचीन शिलालेखात आढळते. त्याचा पुत्र खुफू याच्या पिरॅमिडलगत १९५४ मध्ये सापडलेली सुमारे ४३ मीटर लांबीची नौका मुख्यतः देवदाराचीच आहे. पुढे इजिप्तची सत्ता क्षीण झाली तेव्हा काय घडले, याची एक कथा पपायरसवर लिहिलेली मिळाली आहे. देवाच्या नौकेसाठी लाकूड आणण्यास वेनामुन नावाचा दूत बिब्लोस बंदरी गेला. तेथील राजाने त्याला अनेक दिवस ताटकळत ठेवले आणि किमतीचा माल आल्याखेरीज झाडे तोडण्यास साफ नकार दिला. सोने, चांदी, वस्त्रे, कातडी, दोरखंड आणि पपायरसच्या ५०० गुंडाळ्या पोहोचल्यावरच ३०० माणसे आणि ३०० बैल जंगलात धाडण्यात आले. लाकूड ज्याच्या डोंगरात, त्याच्या दारी कालच्या सम्राटालाही हात जोडून उभे राहावे लागते, हा त्या कथेचा अर्थ आहे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा या व्यापाराशी जुना संबंध आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या एका ग्रीक नौकानयन-पुस्तिकेत भडोच बंदरातून इराणच्या आखाताकडे तुळया व ओंडके जात असल्याचा उल्लेख आहे. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या रोमन काळातील इजिप्शियन बंदरात १९९४ पासून झालेल्या उत्खननांत भारतीय सागवान मोठ्या प्रमाणात मिळाले. मोडीत निघालेल्या जहाजांची लाकडे तेथील रहिवाशांनी वाया जाऊ दिली नाहीत. ती त्यांनी इमारतींच्या बांधकामात वापरली. लवजी ज्या लाकडाच्या शोधात निघाले होते, त्याची किंमत जगाला सतराशे वर्षे आधीच कळलेली होती.

जंगल मराठ्यांचे, गोदी कंपनीची

लवजी मुंबईत आले त्या वेळी मुंबई हे एक छोटे बेट होते. तेथे जहाजाला उपयोगी पडेल असे जंगल नव्हते. जवळचे उत्तम सागवान वसईच्या उत्तरेस व पूर्वेस, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर होते. डोंगरातून वाहत येणाऱ्या नद्या हीच त्याची वाहतुकीची साधने होती. ओंडके ओढत नदीपर्यंत आणायचे, पाण्याला ओढ असेल तेव्हा प्रवाहात सोडायचे, खाडीच्या मुखाशी अडवायचे आणि तेथून समुद्रमार्गे गोदीत न्यायचे, असा हा क्रम होता. तोडलेले ताजे सागवान पाण्यापेक्षा जड असल्याने ते बुडते. त्यामुळे ते पुरेसे वाळेपर्यंत थांबावे लागे किंवा हलक्या बांबूंच्या आधाराने तरते ठेवावे लागे. झाड तोडल्यापासून त्याची फळी जहाजाला लागेपर्यंत कित्येक महिने, प्रसंगी वर्षे जात.

या जंगलांचे महत्त्व कंपनीच्या आधी इतरांनी ओळखले होते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी आपल्या आरमाराची पहिली जहाजे याच परिसरात बांधून घेतली. वसईच्या पोर्तुगीजांचीही भिस्त या लाकडावर होती. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा स्वतंत्र विचार केलेला आहे. सागासारखे वृक्ष परवानगीने तोडावेत, कमी पडेल ते लाकूड परमुलखातून विकत आणावे, आंबा व फणस यांना हात लावू नये आणि जीर्ण झालेले झाड घ्यावयाचे तर मालकास राजी करून मोबदला द्यावा, असा त्यातील आदेशाचा आशय आहे. झाड वाढण्यास लागणारा काळ आणि रयतेने त्यावर केलेले कष्ट यांचा हिशेब राज्यकर्त्याने ठेवावा, ही दृष्टी त्यामागे आहे.

लवजी मुंबईत येऊन पुरते एक वर्षही झाले नसेल तोच परिस्थिती पालटली. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. मुंबईच्या गोदीला लागणारे जवळचे सागवान आता मराठ्यांच्या राज्यात होते. कंपनीने विरोधाऐवजी वाटाघाटींचा मार्ग पत्करला. त्याच वर्षी जुलैमध्ये कॅप्टन इंचबर्ड यांनी चिमाजी आप्पांशी तह करून मराठी मुलखात व्यापाराची मोकळीक मिळवली. या तहाला राजकीय कारणे अनेक होती. परंतु समोरच्या खाडीपलीकडे डोंगरात उभे असलेले लाकूड ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशी सलोखा राखणे, ही गोदीच्या दृष्टीने जीवनमरणाची बाब होती.

अशा परिस्थितीत लवजींच्या पारखी नजरेचे मूल्य अधिकच वाढले. एकाच जंगलावर विसंबणे धोक्याचे होते. त्यामुळे गुजरातकडील डोंगर, वसईचा मुलूख आणि दक्षिणेकडील मलबार अशा निरनिराळ्या ठिकाणांहून माल येत असे. मलबारातील ओंडके हत्तींच्या साहाय्याने नदीपर्यंत ओढले जात आणि किनाऱ्यावरील मापिळा व्यापाऱ्यांमार्फत विकले जात. प्रत्येक ठिकाणच्या लाकडाचा दाणा निराळा, तेलाचा अंश निराळा आणि दोषही निराळे. कोणते खोड तळकण्यासाठी ठेवावयाचे, कोणत्या नैसर्गिक वाकाची बरगडी करावयाची आणि कोणत्या ओंडक्याच्या फळ्या पाडावयाच्या, हा निर्णय करवत चालण्यापूर्वी घ्यावा लागे. सरळ झाड वाकवून मजबूत बरगडी होत नाही. त्यासाठी मुळातच वाकडे वाढलेले झाड हवे असते आणि अशी झाडे जंगलात विरळाच असतात. एक चुकीचा घाव म्हणजे शंभर वर्षांच्या वाढीचे नुकसान.

सुक्या गोदीची उभारणी

लवजींच्या कारकिर्दीतील सर्वांत टिकाऊ काम म्हणजे मुंबईच्या सुक्या गोद्या. जहाजाचा तळ समुद्रातील किड्यांमुळे पोखरला जातो आणि त्यावर शेवाळ व शिंपले चढतात. तो साफ करून दुरुस्त करण्यासाठी पूर्वी भरतीच्या वेळी जहाज किनाऱ्यावर घेऊन एका कुशीवर कलंडवत. या पद्धतीत मोठ्या जहाजाच्या सांगाड्यावर ताण येऊन सांधे निखळण्याचा धोका असे.

मुंबईच्या बंदरात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत मोठा फरक पडतो. उधाणाच्या भरतीला जहाज दगडी हौदात घ्यावयाचे, ओहोटीबरोबर पाणी बाहेर जाऊ द्यावयाचे, दरवाजा बंद करावयाचा आणि कोरड्या तळावर आधारांवर उभ्या राहिलेल्या जहाजाचे काम करावयाचे, अशी सुक्या गोदीची योजना असते. मुंबईतील पहिली सुकी गोदी १७५० मध्ये तयार झाली. दुसरी १७६२ मध्ये आणि तिसरी १७६५ मध्ये बांधून पूर्ण झाली. या सोयीमुळे कंपनीच्याच नव्हे, तर ब्रिटिश आरमाराच्या मोठ्या युद्धनौकाही दुरुस्तीसाठी मुंबईत येऊ लागल्या. या जुन्या गोद्या आजही मुंबईच्या नौदल गोदीचा भाग आहेत.

याच काळात किनाऱ्यावरील सत्तेचा तोलही बदलला. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर झालेल्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. पेशवे आणि कंपनी या मोहिमेत एकत्र होते. कोकणच्या जंगलांतून पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या लाकडाची ती राखरांगोळी होती. मराठ्यांच्या आरमाराला या हानीतून पूर्वीचे बळ पुन्हा मिळाले नाही. मुंबईची गोदी मात्र वाढत राहिली.

सागवान आणि ओक

सागवानाला एवढी किंमत का होती, हे त्याच्या गुणांवरून समजते. त्याच्यात नैसर्गिक तेल असल्याने वाळवी व बुरशी त्याला सहजासहजी लागत नाही. ते उन्हात फारसे तडकत नाही आणि पाण्यात फारसे फुगत नाही. शिवाय त्यात ठोकलेले लोखंडी खिळे टिकून राहतात. इंग्लंडमधील जहाजे ओकची असत. ओकमधील आम्लामुळे लोखंड गंजते आणि उष्ण समुद्रात ते लाकूड लवकर कुजते. ओकच्या जहाजाला काही वर्षांतच मोठ्या दुरुस्तीची गरज भासे, तर मुंबईत बांधलेले सागवानी जहाज पन्नास वर्षे चालते, असा त्या काळातील जाणकारांचा हिशेब होता.

दुसरीकडे इंग्लंडमधील ओकची जंगले आक्रसत चालली होती. नेल्सनच्या 'व्हिक्टरी' या एकाच युद्धनौकेसाठी सुमारे ६,००० झाडे लागली आणि त्यांतील बहुतेक ओकची होती. पूर्ण वाढलेला ओक मिळण्यास शतकभर थांबावे लागते. एकामागून एक युद्धे लढणाऱ्या आरमाराकडे तेवढा धीर नव्हता. बाल्टिक किनाऱ्यावरून आणि उत्तर अमेरिकेतून लाकूड आणण्याची व्यवस्था होती. परंतु युद्धाच्या काळात ते मार्गही सुरक्षित राहत नसत. ज्या राष्ट्राच्या आरमाराने जगाचे समुद्र व्यापले होते, ते लाकडाच्या बाबतीत इजिप्तच्या वाटेने चालले होते. लवजींच्या हयातीत ही टंचाई अद्याप पूर्ण तीव्रतेने जाणवलेली नव्हती, मात्र तिला उत्तर ठरेल अशी गोदी आणि असे कारागीर मुंबईत तयार झाले होते.

बारा रुपयांचे सुतार

लवजींनी आपल्या मुलांना, माणेकजी आणि बमनजी यांना, याच व्यवसायात तयार केले. १७७१ मध्ये त्यांनी फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी या नातवांना गोदीत आणले. आजोबा गोदीचे प्रमुख असूनही या मुलांना कोणतीही वरची जागा देण्यात आली नाही. दरमहा १२ रुपये वेतनावर साधे सुतार म्हणून त्यांनी कामास आरंभ केला. लाकडाचा दाणा बोटांना कळेपर्यंत नकाशावर हात ठेवू नये, ही शिस्त त्यामागे दिसते.

लवजींच्या हातून गेलेल्या मालाची किंमत लक्षात घेता त्यांचे खासगी जीवन किती साधे होते, याचे आश्चर्य वाटते. त्या काळी लाकडाच्या खरेदीत मोठा पैसा फिरत असे. कंत्राटदार, दलाल आणि कंपनीचे अधिकारी या व्यापारात गबर झाले. कोणता ओंडका चांगला आणि कोणता नाकारावयाचा, हे ज्याच्या शब्दावर ठरत असे त्या माणसाला धनाढ्य होणे अवघड नव्हते. परंतु १७७४ मध्ये लवजींचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या मागे एक राहते घर आणि २०,००० रुपयांहून कमी रक्कम एवढीच संपत्ती होती. अडतीस वर्षांच्या सेवेचा हा हिशेब आहे. त्यांच्या वारसांना मिळालेली खरी संपत्ती म्हणजे विश्वासू कारागीर हा लौकिक.

नातवाच्या हातची युद्धनौका

लवजींच्या मृत्यूच्या सुमारास, १७७४ च्या अखेरीस, इंग्रजांनी साष्टी घेतली. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने मलबारचा बराच भाग कंपनीकडे आला. ज्या जंगलांच्या मालकांशी पूर्वी तह करावे लागत, ती जंगले एकेक करून कंपनीच्या ताब्यात येऊ लागली.

नेपोलियनशी चाललेल्या युद्धात इंग्लंडला ओकची टंचाई प्रकर्षाने जाणवली आणि ब्रिटिश नौदलाने आपल्या मोठ्या युद्धनौका मुंबईत बांधून घेण्याचा निर्णय घेतला. बारा रुपयांवर कामाला लागलेले जमशेटजी बमनजी तेव्हा गोदीचे प्रमुख होते. त्यांनी बांधलेली ७४ तोफांची 'मिंडेन' १९ जून १८१० रोजी पाण्यात उतरली. १८१३ मध्ये 'कॉर्नवॉलिस' तयार झाली. याच जहाजावर पुढे १८४२ मध्ये चीन आणि ब्रिटन यांच्यातील नानकिंगचा तह झाला. १८१५ मधील 'वेलस्ली' तर सव्वाशे वर्षे तगली आणि १९४० मध्ये लंडनजवळ टेम्स नदीत जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात बुडाली.

१८१७ मध्ये पाण्यात उतरलेल्या 'ट्रिंकोमाली'ची कहाणी विशेष आहे. तिचे आराखडे इंग्लंडहून 'जावा' या जहाजाने पाठवण्यात आले होते. १८१२ च्या डिसेंबरमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी युद्धनौकेने 'जावा'चा पराभव केला आणि आराखडेही गेले. नव्या प्रती येईपर्यंत काम लांबणीवर पडले. मलबारी सागवानातून घडलेली ही नौका आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली असून ती पाण्यावर तरंगत आहे.

जंगलांनी चुकवलेली किंमत

या जहाजांच्या दीर्घायुष्याची दुसरी बाजूही आहे. लवजींच्या काळात सागवान सहज मिळत नव्हते, कारण ते दुसऱ्याच्या मालकीचे होते. त्यांच्या नातवाच्या काळात ती अडचण दूर झाली आणि तोडीला धरबंध राहिला नाही. १८०६ मध्ये कंपनीने मलबारच्या जंगलांसाठी कॅप्टन वॉटसन याची नेमणूक केली. १८०७ मध्ये सागवानावर कंपनीचा हक्क जाहीर करून इतरांना परवानगीविना तोड करण्यास बंदी घालण्यात आली. ही व्यवस्था जंगल राखण्यासाठी असल्याचे सांगितले गेले, प्रत्यक्षात ती आरमारासाठी स्वस्त लाकूड मिळवण्याची तजवीज ठरली. स्थानिक जमीनदार आणि व्यापारी यांच्यातील असंतोष वाढल्यावर १८२३ मध्ये मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी ती मोडीत काढली. परंतु नियंत्रण गेले तरी कुऱ्हाड थांबली नाही.

१८४० च्या दशकात टंचाई इतकी स्पष्ट झाली की मलबारचे जिल्हाधिकारी कनोली यांनी निलंबूर येथे सागाची लागवड सुरू केली. मुंबई इलाख्यात पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे १८४७ मध्ये जंगलांच्या रक्षणाचे काम सोपवण्यात आले. कोकणातील नद्यांकाठची, वाहतुकीला सोयीची झाडे तोवर मोठ्या प्रमाणात संपली होती. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावू लागली आणि जहाजांची गरज ओसरत असतानाच रुळांखालील लाकडांची नवी मागणी पुढे आली.

लवजींना या सर्व घटनांचा दोष देता येणार नाही. त्यांनी जे लाकूड वापरले ते मोजून, पारखून आणि वाया न घालवता. खाचेत बसवलेल्या फळ्यांचे कष्टाचे काम आणि नातवांना पटाशी धरायला लावणारी शिस्त यांमुळे एका झाडाचे आयुष्य जहाजाच्या रूपाने आणखी शंभर वर्षे वाढत होते. आज्ञापत्रातील आदेश आणि लवजींची कारागिरी या दोन्हींच्या मुळाशी एकच जाणीव होती. झाड वाढायला माणसाच्या आयुष्याहून अधिक काळ लागतो, तेव्हा त्याच्यापासून घडवलेली वस्तूही तितकाच काळ टिकली पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील सत्तेने या जाणिवेतील कारागिरी घेतली आणि मर्यादा सोडून दिली.

लवजींच्या घराण्यातील गोदीप्रमुखांची परंपरा १८८० च्या दशकात संपुष्टात आली. तोवर लोखंड आणि वाफ यांनी लाकडी जहाजांची सद्दी संपवली होती आणि सागवानाला समुद्रावर पूर्वीचे गिऱ्हाईक उरले नव्हते. वाडिया घराण्याने या काळात साडेतीनशेहून अधिक जहाजे बांधल्याचे सांगितले जाते. त्यांपैकी बहुतेक आज कोठेही नाहीत. 'ट्रिंकोमाली' मात्र आहे. सह्याद्रीच्याच दक्षिण भागात वाढलेल्या, दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी तोडलेल्या झाडांचे लाकूड तिच्या सांगाड्यात आजही शाबूत आहे.